पांझरा स्टीमशिप कंपनीची पहिली सभा

धुळ्यात जाऊन जहाज कंपनीचं ऑफिस शोधणारा माणूस आजवर दुसरा झाला नसेल. तो मान माझा. पांझरेच्या पुलावर उभं राहून मी एका टांगेवाल्याला "इथं स्टीमशिप कंपनी कुठं आहे हो?" असं सरळ चेहऱ्यानं विचारलं होतं. त्यानं मला नखशिखांत पाहिलं, खाली नदीत घोटाभर पाण्यात बसलेल्या म्हशी पाहिल्या आणि घोड्याला म्हणाला, "चाल रे बाबा, आपलं काम नही शे."

पण त्या प्रश्नामागे कारण होतं. मुंबईत जहाजांना दोरखंड, रंग, कंदील असा माल पुरवणाऱ्या एका दुकानात मी कारकून आहे. मला एक नाद आहे. जहाज कंपन्यांच्या जुन्या वस्तू मी गोळा करतो. बुडालेल्या, विकल्या गेलेल्या, नाव बदललेल्या कंपन्यांचे कप, पितळी बटणं, निशाणं. आमच्या घरी सहा माणसांना चहा दिला तर सहा कपांवर सहा कंपन्यांची नावं असतात, आणि त्यातली एकही आज हयात नाही. बायको म्हणते, "पाहुण्यांना श्राद्धाला बोलावल्यासारखं वाटतं."

या नादामुळेच दाऊद टंडेल माझ्याकडे आला. रत्नागिरीकडचा माणूस, वय पन्नासच्या पुढे, हात दोरखंडासारखेच पिळदार. जहाजावर खलाशांचा मुख्य तो सारंग, आणि त्याच्या हाताखालचा तो टंडेल. दाऊदला एका नव्या जहाजावर सारंगाची जागा मिळत होती. अट एकच, आधीच्या एका कंपनीत सहा वर्षं सलग चाकरी केल्याचा दाखला हवा. चाकरी त्यानं केली होती. पण त्याच्या नोंदीच्या पुस्तकात एका वादळी रात्री समुद्र शिरला आणि नेमकी तीच पानं धुऊन गेली. आता जहाज-कचेरीनं त्याला एक छापील कागद दिला होता. त्यावर कंपनीची मोहोर उमटवायची, दोन डायरेक्टरांच्या समक्ष, दोघांच्या सह्यांनिशी. कागद एकच. मुदत सोमवारपर्यंत. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला, आणि दाऊदनं पन्नाशीत पुन्हा साध्या खलाशांच्या रांगेत उभं राहायचं.

"कंपनी कुठली?" मी विचारलं.

"पांझरा स्टीमशिप. ऑफिस धुळ्याला."

हे ऐकून मी हसलो नाही, हे मी इथं मुद्दाम नोंदवतो. या धंद्यातली रीत मला ठाऊक होती. लढाई संपल्यावर जुनी जहाजं स्वस्तात मिळू लागली, तेव्हा हुशार लोकांनी एकेका जहाजापुरती एकेक कंपनी काढली. कंपनीजवळ काय? एक नाव, एक मोहोर आणि समुद्रापासून होता होईल तितका लांबचा पत्ता. तक्रार घेऊन कोण धुळ्यापर्यंत जाणार? पुढं जहाज विकलं, धुराड्याचा रंग बदलला की कंपनीही संपली. दाऊद सांगायचा, "आमच्या 'कमलप्रभे'वर कपावर एका कंपनीची खूण, कांबळीवर दुसरीची, पगाराच्या कागदावर पांझरा. धुराडं मीच रंगवलं, तीनदा. आत रांधणारा भंडारी मात्र तोच, आणि डाळ पण तीच."

कंपन्यांच्या दप्तरात मी नावं काढली. डायरेक्टर दोन. एक जेठमलशेठ, व्यापारी, देवपूर, धुळे. दुसरे ओंकार पाटील, शेतकरी, एदलाबाद. जेठमलशेठांना दाऊदनं दुसऱ्याकडून लिहवून तीन पत्रं पाठवली होती. उत्तर एकालाही नाही. तेव्हा मी बेत आखला की आधी एदलाबादच्या डायरेक्टरला गाठायचं, त्याला सोबत घ्यायचं आणि मग धुळ्यावर चाल करायची. बेत उत्तम होता. माझे बेत नेहमीच उत्तम असतात.

जळगाव

डायरेक्टर लोकांसमोर जायचं म्हणून मी पांढरा कोट घातला आणि त्याला संग्रहातली पितळी बटणं लावली, नांगराची नक्षी असलेली, चकाकणारी. जळगाव स्टेशनाबाहेर पाय ठेवतो न ठेवतो तोच एक गृहस्थ लगबगीनं आले.

"किती उशीर! बाकीची माणसं कुठं? आणि वाजंत्र?"

मला काही उलगडेना. दाऊद मागं तोंडात रुमाल कोंबून उभा. गृहस्थांच्या पुतण्याचं लग्न होतं आणि बऱ्हाणपूरहून बँड यायचा होता. मी बँडवाला नाही हे त्यांना पटवायला मला पाच मिनिटं लागली. शेवटी ते नाराज होऊन म्हणाले, "मग असे कपडे घालून लोकांना फसवता कशाला?"

दाऊद म्हणाला, "बाबू, कोट काढा. नाहीतर पुढच्या गावाला आपल्याला वाजवावंच लागेल."

कोट पिशवीत गेला. एका खानावळीत आम्ही शेवभाजी खाल्ली. आमच्याकडे शेव हा चहाबरोबरचा पदार्थ. इथं ती लालभडक रश्शात बुडवतात आणि तो रस्सा तुम्हाला बुडवतो. सात समुद्र फिरलेल्या दाऊदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वाढा अजून," तो म्हणाला.

एदलाबाद

भुसावळवरून एस.टी.नं एदलाबादला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मुक्ताईच्या देवळाकडून येणाऱ्या एका बाईंना विचारलं, तर ओंकारआबांचा मळा लगेच सापडला. काळी जमीन, एका अंगाला फुटलेला कापूस, दुसऱ्या अंगाला केळी. केळीच्या बागेत शिरलं की उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो म्हणतात. आम्ही गेलो ते मार्गशीर्षात, आम्हाला हुडहुडी भरली.

ओंकारआबा पाटाचं पाणी वळवत होते. साठीचे, उंच, डोक्याला मुंडासं, गळ्यात माळ. मी नमस्कार करून एकदम मुद्द्यावर आलो. "आपण पांझरा स्टीमशिप कंपनीचे डायरेक्टर ना?"

"कोनाचे?"

मी दप्तरातली नक्कल दाखवली. आबांनी फावडं टेकवलं, कागद लांब धरला, मग जवळ धरला. "सही तं माहीच हाये," ते म्हणाले. "जेठमलशेठ कापूस न्यायचे आपला. एक डाव म्हने, आबा, इथं सही करा. मले वाटलं कापसाचा कागद असीन. वाचाचं काय त्यात? बारा वर्सं कापूस दिला त्याले, एका बोंडाचा घोय नाही झाला."

मी त्यांना समजावलं की ती सही एका जहाज कंपनीची होती, कंपनीचं जहाज होतं, सहा वर्षं ते समुद्रावर फिरलं आणि हा दाऊद त्यावर टंडेल होता.

आबा दाऊदकडे वळले. "म्हनजे माह्यं जहाज होतं?"

"होतं ना मालक," दाऊद म्हणाला.

माझ्या मते ती वेळ भेट देण्याची होती. दाऊदच्या बायकोनं मालकासाठी म्हणून एक गाठोडं दिलं होतं. मी ते अदबीनं आबांच्या हाती ठेवलं आणि सोडूनही दाखवलं. आत उत्तम वाळवलेले बोंबील. गळ्यातली माळ मला दिसत होती. पण दिसणं आणि ध्यानात येणं यांत माझ्या बाबतीत नेहमी थोडं अंतर पडतं.

आबांनी एक बोंबील उचलून उन्हाकडे धरला. "हे कायची साल व्हय? औषधाची?"

दाऊदनं कपाळाला हात लावला. मी खरं सांगितलं. आबांनी बोंबील हळूच गाठोड्यात ठेवला, पाटावर हात धुतले, पुन्हा धुतले आणि मग एवढ्यानं हसले की केळीतले बगळे उडाले. "मांजरीचं नसीब! अवो, ते तिकडं बांधावर ठेवा, नाहीतं आमची म्हातारी मले मळ्यातच झोपवीन."

त्या संध्याकाळी आबांच्या मळ्यात भरीत झालं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली, मिरच्या आणि कांद्याची पात घालून लाकडी बडगीत कुटली. केळीच्या पानावर ते भरीत आणि कळण्याची भाकरी. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेली ही भाकरी आमच्या तांदळाच्या भाकरीपुढं काळीसावळी दिसते, पण घासागणिक तिची चव वाढत जाते. माझ्या चार झाल्या. दाऊदनं मोजायचं सोडून दिलं होतं.

जेवताना आबांनी विचारलं, "केवढं होतं माह्यं जहाज?"

दाऊद हात पुसत उठला. "दाखवतो." विहिरीच्या कठड्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "ही नाळ. पुढची बाजू." मग केळीच्या दोन ओळींमधून मोजून पावलं टाकत निघाला. आबा मागं, त्यांच्या मागं मी, चिखलात. "इथं आमची झोपायची जागा. माणसं बारा, बाकडी आठ. ह्यो पहिला खण, ह्यात कापूस भरायचो."

"माहा बी असीन," आबा म्हणाले.

"असेल. इथं मोठी डोलकाठी. इथं पूल, म्हणजे उंच माची, कप्तान तिथं उभा. खाली इंजिन. ह्या इथं धुराडं, हिरवं, तुमच्या केळीगत हिरवं. मी रंगवलं." चालत चालत तो बागेच्या पार टोकाला, कुंपणाशी गेला. तिथून त्याचा आवाज आला, "आणि इथं पाठची बाजू! इथं मी सहा वर्षं निशाण चढवलं-उतरवलं!"

आबा कुंपणाशी उभे राहून मागं विहिरीकडे पाहत होते. अख्खी बाग मध्ये होती. "एवढं?" ते म्हणाले. "एवढं माह्यं होतं, आन् मले कोनी सांगितलं बी नाही." मग दाऊदकडे वळून, "तुह्या कागदाले काय पायजे?"

मी सांगितलं. सही, मोहोर, शेठजी, सोमवार.

"सकायची गाडी धरू," आबा म्हणाले.

धुळे

पूर्व खानदेशातून पश्चिम खानदेशात, एरंडोल-पारोळा करत आम्ही धुळ्याला उतरलो. आबांनी धुतलेलं धोतर, काळा कोट आणि फेटा असा लग्नाचा पोशाख केला होता. डायरेक्टर दिसावा तर असा. माझ्या बटणांची गरजच नव्हती.

पांझरा मी आरंभी वर्णिलीच आहे. दाऊद पुलाच्या कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहत होता. "हीच ती? जिच्या नावाची आमची कंपनी?"

"हीच."

"हिच्यात आमचा नांगरसुद्धा भिजला नसता, बाबू."

टांगेवाल्याचा प्रसंग इथलाच. शेवटी आबाच पुढं झाले आणि पायी देवपुरात घेऊन गेले. जेठमलशेठांचं घर दुमजली, खाली पेढी. दारात मुनीम दगडूनाना चष्मा लावून हिशेबाच्या वह्यांवर वाकलेले.

"कोठेन उनात आबा? बठ्ठं ठीक शे ना?"

"ठीक हाये. आमच्या जहाज कंपनीचं ऑफिस कुठी हाये, दगडू?"

दगडूनानांनी चष्मा काढला. मग आत नेलं. सरकीच्या पोत्यांमागं, भिंतीवर, ताटलीएवढी पत्र्याची पाटी होती: पांझरा स्टीमशिप कंपनी. तिच्याखाली कोनाडा, आणि कोनाड्यात जुन्या तराजूशेजारी, झेंडूच्या वाळक्या माळेत, ती मोहोर! लोखंडी, दांडा असलेली, कागद मध्ये धरून दाबली की उठावाची अक्षरं उमटवणारी. खरं सांगतो, त्या क्षणी मी दाऊदचा कागद विसरलो. असली वस्तू माझ्या संग्रहात नव्हती. माझा हात आपोआप पुढं गेला.

"हात नका लावू!" दगडूनाना ओरडले. "पूजानं शे ते."

प्रकार असा होता. व्यापाऱ्याच्या घरी दसऱ्याला-दिवाळीला तराजू, वह्या, दौत यांची पूजा होते. मोहोर घरात आली त्या वर्षी तीही ओळीत बसली. तेव्हापासून दर सणाला तिला हळद, कुंकू, तूप, अक्षता. मी वाकून पाहिलं. अक्षरांच्या खाचा कुंकवानं गच्च भरल्या होत्या. ज्या कंपनीचं काम कुणी कधी केलं नाही, तिची भक्ती मात्र खंड न पडता झाली होती.

शेठजी वरून आले. गोरे, ठेंगणे, बोलायला मऊ. आबांना पाहून आनंदले, दाऊदला पाहून सावध झाले, माझ्या हातातला कागद पाहून बसले. बदामाचं दूध आलं. दाऊदनं पेला दोन्ही हातांनी धरला, पण प्यायला नाही.

"तुमची पत्रं मिळाली," शेठजी दाऊदला म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण काय लिहिणार? मुंबईचा भाचा आला, म्हणाला मामा, नाव तुमचं, पत्ता तुमचा, काम सगळं माझं. जहाज विकून तो आफ्रिकेत गेला. माझ्याजवळ राहिली ही पाटी आणि हे लोखंड. कंपनी म्हणजे नुसता कागद होता. आज मी सही केली, मोहोर मारली, की झोपलेली कंपनी जागी झाली. उद्या कोण कुठला माणूस कसला दावा घेऊन दारात उभा राहील? मी म्हातारा माणूस."

"दावा नाही शेठजी," मी म्हणालो, "फक्त—"

"तुम्ही वकील?"

"नाही. दोरखंडवाला."

"मग राहू द्या."

दाऊदनं पेला खाली ठेवला. "शेठ," तो म्हणाला, "मला काय नको. पैसा नको. मी होतो, एवढंच लिहा."

"होतास, हे मला कसं ठाऊक? मी जहाज पाहिलंसुद्धा नाही."

"म्या पायलं," आबा म्हणाले.

शेठजी वळले. "कुठं?"

"माह्या केयीत. काल. हीरपासून कुपाटीपर्यंत चालून पायलं. झोपाची जागा पायली, कापसाचा खन पायला." आबा मांडी बदलून ताठ बसले. "जेठमल, जहाज खोटं होतं का?"

"नाही. जहाज खरं होतं."

"हा मानूस खोटा हाये का?"

शेठजींनी दाऊदच्या हातांकडे पाहिलं. "दिसत तर नाही."

"मंग खोटे आपन दोघंच," आबा म्हणाले.

दगडूनानांनी उगाच वही मिटली आणि उघडली. शेठजींचा चेहरा लाल झाला, मग उतरला. बारा वर्षांत एका बोंडाचा घोळ न केलेला माणूस होता तो. कोनाड्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "रीत काय असते अशा सभेची?"

रीत मला ठाऊक होती! कोऱ्या कागदावर मी वळणदार अक्षरात लिहिलं: पांझरा स्टीमशिप कंपनीच्या संचालकांची सभा. हजर दोघे. अध्यक्ष कोण? शेठजी म्हणाले आबा, आबा म्हणाले शेठजी. शेवटी वयानं मोठे म्हणून आबा. ठराव पहिला: दाऊद टंडेल याने 'कमलप्रभा' जहाजावर सहा वर्षे इमानाने चाकरी केली, सबब दाखला द्यावा. शेठजींनी व्यापाऱ्याच्या नजरेनं शब्द न् शब्द तीनदा वाचला आणि ठरावावर, मग दाखल्यावर सही केली. आबांनी फेटा सारखा केला आणि एवढ्या मोठ्या अक्षरांत सही केली की ती दाखल्याच्या समासात गेली.

आता मोहोर. लोखंडानं खरवडायला दगडूनानांनी साफ नकार दिला. चिंचेचं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन त्यांनी स्वतः तासभर घासली, घासण्याआधी नमस्कार केला. कुंकू निघालं, नांगर दिसू लागला. मोहोर मारायचा मान कुणाचा? "मला सवय आहे," मी पुढं होत म्हणालो. मला कसलीही सवय नव्हती. जन्मात मी चालू मोहोर हातात धरली नव्हती. मी मोठ्या तोऱ्यात कागद सरकवला, दांडा दोन्ही हातांनी दाबला, आणि काढून सगळ्यांना दाखवला.

दाऊदला वाचता येत नाही. त्यानं उठावावरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "बाबू, नांगर उपडा आहे."

खरंच होता. नाव, नांगर, सगळं खाली डोकं वर पाय. कागद एकच होता, हे मी सांगितलंय. त्या दिवशी शुक्रवार होता. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण देवपुरातली जमीन फार कठीण आहे.

"पुन्हा मारू, सुलटी?" मी पुटपुटलो.

"नको," शेठजी म्हणाले. आता कंपनी त्यांचीही झाली होती. "दोन मोहोरा म्हणजे दोन शंका. धंद्यात चूक झाली की लपवायची नाही, तिथंच खाली लिहायची आणि सही करायची. घ्या, लिहा." आणि त्यांनी मला सांगितलं: ठराव दुसरा. लिहिणाऱ्याच्या घाईने मोहोर उलटी उमटली. सभा ती सुलटी समजते.

दाखल्याच्याच कागदावर, मोहोरेखाली, दोघांनी पुन्हा सह्या केल्या. "लिहिणाऱ्याच्या घाईने" हे शब्द वगळावेत अशी मी सूचना मांडली. तिला अनुमोदन मिळालं नाही.

मुंबई

सोमवारी सकाळी जहाज-कचेरीच्या खिडकीसमोर मी दाऊदच्या मागं उभा होतो. कारकून कोरड्या चेहऱ्याचा. त्यानं कागद घेतला, उठाव पाहिला, कपाळाला आठी घातली. कागद उलटा केला, सुलटा केला. मग खालची ओळ वाचू लागला. दाऊदच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती.

"अशी मोहोर मी आजवर पाहिली नाही," कारकून म्हणाला. "खोटे दाखले रोज येतात, पण त्यांची मोहोर कशी झोकात असते." त्यानं समासात गेलेल्या सहीवर बोट ठेवलं. "हे एवढ्या मोठ्या अक्षरांचे ओंकार पाटील कोण?"

सरकारी खिडकीपुढं दाऊद नेहमी टोपी हातात घेऊन, मान खाली घालून बोलायचा. त्यानं टोपी डोक्यावर घातली.

"माझे मालक," तो म्हणाला. "एदलाबादला असतात. केळी करतात."

कारकुनानं टाक उचलला, शाईत बुडवला आणि दाऊदच्या नोंदीच्या पुस्तकात 'टंडेल' खोडून त्याजागी 'सारंग' लिहिलं.